कॉलनीचा रस्ता अन् नाली नगरपालिकेच्या बजेटमधे कशी बसवायची

आधी एक सांगून टाकतो, मार्च महिन्यात नगरपालिकेत जाऊन "आमच्या कॉलनीचं पण बजेटमधे घ्या की ओ साहेब" म्हणून काहीही होत नाही. तोवर पंगत उठलेली असते. आम्ही सलग दोन वर्षं हेच केलं. पंधरा-वीस जण इस्त्रीचे शर्ट घालून गेलो, निवेदन दिलं, देतानाचा फोटो काढला, फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकली आणि जूनमधे परत जिथल्या तिथं, पोरांच्या स्कूल व्हॅनवाल्यानं सांगितलं की कोपऱ्यापर्यंत आणून सोडा, आत गाडी फसते. तिसऱ्या वर्षी गल्लीतले एक काका, लेखा विभागातून रिटायर झालेले, चहा पिता पिता म्हणाले, "बजेट मार्चमधे वाचून दाखवतेत रे, शिजतं ते दिवाळीनंतर. तुमी जेवण झाल्यावर ताट घेऊन जायलात." खाली जे लिहितोय ते बरंचसं त्यांच्याकडून आणि उरलेलं हेलपाटे मारून शिकलेलं आहे.

आमची कॉलनी म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावाबाहेर असते तशीच. दहा-बारा वर्षांपूर्वी कापसाचं रान होतं, मग प्लॉट पडले, आधी शिक्षक लोक आले, मग बँकवाले, मग गावाकडची शेती बटईनं देऊन पोरांच्या शिक्षणासाठी आलेले, आता १४० च्या आसपास घरं आहेत आणि अजून बांधकामं चालूच आहेत.

पहिलं काम अर्ज लिहायचं नाही, रस्ता कुणाच्या नावावर आहे ते बघायचं. हे लोकांना पटत नाही, कारण रस्ता तर समोर दिसतोय. पण इंजिनिअर साहेबाचा पहिला प्रश्न हाच असतो की हा रस्ता आमच्या ताब्यात आहे का. लेआउट एनए (बिगरशेती) होऊन मंजूर असेल तर मंजूर नकाशाची नक्कल नगररचना विभागातून काढा, त्यात अंतर्गत रस्ते, त्यांची रुंदी आणि ओपन स्पेस दाखवलेली असते (मोठ्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, आणि ती बऱ्याच ठिकाणी कुणाच्या तरी म्हशी बांधायच्या कामाला येते, तो वेगळा विषय). मग सातबारा बघा. बऱ्याच लेआउटमधे प्लॉट विकून झाले तरी रस्त्यांची जागा मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते, पालिकेकडं हस्तांतरण झालेलंच नसतं. आमचं तेच निघालं. मालक वारलेले, वारस तीन, एक पुण्याला. त्यांच्या सह्या घेऊन रस्ते अन् ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात द्यायला सात महिने गेले, आणि या सात महिन्यात आमचं एक बजेट हुकलं. म्हणून हे पहिलं.

गुंठेवारीतली वस्ती असेल, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्यानं विकलेले प्लॉट, तर तिथं वेगळा कायदा लागतो, २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ च्या आतल्या प्लॉटसाठीच होता, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. जेवढी घरं नियमित होतील तेवढं तुमचं बोलणं जड होतं, कारण नियमित करताना तुम्ही विकास शुल्क भरलेलं असतं. त्या पावत्यांच्या झेरॉक्स गोळा करा, बेरीज करा, आणि अर्जात एका ओळीत लिहा की या वस्तीनं एवढं विकास शुल्क भरलेलं आहे. घरपट्टी-नळपट्टीचं पण तसंच. समजा १४० घरं सरासरी ३,००० रुपये भरतात, तर वर्षाला ४ लाख २० हजार झाले. लय मोठी रक्कम नाही, त्यात रस्ता होत नसतो, पण "भरता का तुमी टॅक्स" हा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहतो. आणि हो, थकबाकीदार शेजाऱ्याला आधी भरायला लावा, नाहीतर तेच नाव काढून दाखवतात.

कॉलनी हद्दीच्या बाहेर असेल, म्हणजे कागदावर अजून ग्रामपंचायतीत, तर सगळी पद्धतच वेगळी. तिथं ग्रामपंचायत विकास आराखडा असतो, 'आमचं गाव आमचा विकास' म्हणतात ते. ग्रामसभेत काम सुचवायचं, आराखड्यात नाव आणायचं. कॉलनीवाले ग्रामसभेला जात नाहीत हीच मोठी अडचण आहे, जुन्या गावातले पन्नास जण येतात आणि त्यांच्या गल्लीतली कामं धरतात, त्यांची काय चूक? ग्रामपंचायतीच्या बजेटचं कागद म्हणजे नमुना १, तो मागा. आणि उद्या हद्दवाढ झाली तर सगळं परत पालिकेत नव्यानं सुरू, हे मनाची तयारी म्हणून सांगतो.

आता मोजमाप. "रस्ता करून द्या" असं लिहिलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथंच राहतो. "अमुक यांच्या घरापासून मेन रोडपर्यंत, लांबी २०० मीटर, रुंदी ४ मीटर, सिमेंट रस्ता व एका बाजूनं बंदिस्त नाली, नालीचा शेवट अमुक ओढ्याला" असं लिहिलेला अर्ज इंजिनिअरला थेट अंदाजपत्रकात, म्हणजे कामाच्या एस्टिमेटमधे, घेता येतो, त्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं. टेप घ्या, दोन पोरं घ्या, रविवारी सकाळी मोजा.

हिशोब पण स्वतः करून ठेवा, पैशाचा नाही, मालाचा. २०० मीटर गुणिले ४ मीटर गुणिले १५ सेंटिमीटर जाडी म्हणजे १२० घनमीटर काँक्रीट, साधारण ४२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). एम-२० या प्रतीच्या काँक्रीटचं साधं प्रमाण धरलं तर घनमीटरला आठेक पोती सिमेंट, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास पोती. (प्लँटवरून डिझाईन मिक्सचा माल आला तर सिमेंट थोडं कमी लागतं, तेव्हा उगीच भांडू नका.) हा आकडा आत्ता वहीत लिहून ठेवा, पुढं काम चालू झालं की कामाला येतो.

आमच्याकडची खरी गोष्ट मात्र खाली आहे, काळ्या मातीत. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर सरळ काँक्रीट टाकलं की दुसऱ्या उन्हाळ्यात रस्त्याला उभ्या चिरा. पलीकडच्या कॉलनीत असंच झालं, चकाचक रस्ता, वर्षाच्या आत मधोमध एवढी फट की त्यात गवत उगवलं. म्हणून अंदाजपत्रकात काळी माती खोदून काढणं आणि मुरूम भरून रोलिंग करणं हे आयटम आहेत का ते बघायचंच. एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर धरलं तरी २४० घनमीटर, ८५ ब्रास मुरूम होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास धरा, ८५ खेपा. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात हा आयटमच नव्हता, पैसे बसत नव्हते म्हणून काढला म्हणे. आम्ही लिहून दिलं की लांबी ५० मीटरनं कमी करा पण मुरूम ठेवा. ग्रुपवर यावरून लय भांडणं झाली, ज्यांची घरं शेवटच्या ५० मीटरमधे होती ते अजून नीट बोलत नाहीत.

आणि क्रम. आधी पाण्याची पाईपलाईन, मग नाली, मग रस्ता. हे शेंबड्या पोराला पण कळतं पण तीन कामं तीन वेगळ्या निधीतून येतात, तीन गुत्तेदार असतात, आणि ज्याचे पैसे आधी आले तो आधी सुटतो. त्यामुळं रस्त्याचा अर्ज देतानाच पाणीपुरवठा विभागाकडून लेखी घ्या की या गल्लीत पाईपलाईन टाकायची बाकी आहे का नाही. बाकी असेल तर यंदा रस्ता मागूच नका, नाली मागा.

नालीबद्दल एकच, शेवट कुठंय ते आधी ठरवा. नाली बांधणं सोपं, पाणी सोडायचं कुठं हा प्रश्न. आमच्या मागच्या गल्लीत कधीकाळी बांधलेली नाली आहे, ती एका रिकाम्या प्लॉटमधे जाऊन संपते, बस, संपते. प्लॉटवाल्यानं बांधकाम काढलं अन् तोंडात दगड घातले, आता ते पाणी उलटं येऊन तीन घरांच्या जोत्याला लागलंय. उतार बघायला मोठं मशीन लागत नाही, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी घ्या आणि वीस-वीस मीटरवर खुणा करत जा. २०० मीटरला एक मीटर उतार मिळाला म्हणजे २०० ला १, पाणी छान वाहतं. आमच्या काकूंनी तर एक बादली पाणी ओतून दाखवलं साहेबाला, पाणी दहा पावलं गेलं आणि परत त्यांच्याच गेटकडं वळलं, साहेब काही न बोलता वहीत लिहून घेऊन गेले.

आता पालिकेचं बजेट पुस्तक. हे मागायचं म्हणजे मागायचंच, साईटवर असेल तर बरं, नाहीतर माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. पुस्तक हातात आल्यावर पुढच्या वर्षीच्या तरतुदीचा रकाना बघून खूश होऊ नका. तिथं कितीही लिहिता येतं, कागद काय नाही म्हणतो का. शेजारचा रकाना बघा, गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती झालं तो. समजा रस्त्यांच्या लेखाशीर्षाला, म्हणजे खर्चाच्या खात्याला, गेल्या वर्षी २ कोटी तरतूद होती, प्रत्यक्ष खर्च ४० लाख, आणि यंदा परत अडीच कोटी लिहिलंय, तर तुम्ही ४० लाखातून आपल्या कॉलनीचं काही निघतंय का तेवढंच बघायचं. जमा बाजूला पण तसंच, घरपट्टीची मागणी किती आणि वसुली किती. वसुली निम्मी आणि तरतूद दुप्पट असेल तर ते बजेट म्हणजे लग्नातला आहेर लिहायची वही समजा, लिहिलेला सगळाच हातात पडत नसतो.

दुसरं बघायचं ते मागची देणी. मागच्या वर्षी झालेली पण बिलं न निघालेली कामं, आणि मंजूर पण सुरू न झालेली कामं, याला सगळे स्पिल ओव्हर म्हणतात. नव्या वर्षाचा पैसा आधी तिकडं जातो. काकांनी आम्हाला हे पेन्सिलनं खुणा करून दाखवलं तेव्हा कळलं की ज्या यादीत नाव आलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते त्या यादीच्या आधी एक अख्खी यादी रांगेत उभी होती. तिसरं म्हणजे टोकन तरतूद. तुमच्या कामासमोर १,००० रुपये लिहिलेलं दिसलं तर हसू नका, त्याचा अर्थ लेखाशीर्ष उघडं ठेवलंय, कुठून पैसे आले तर टाकता येतील. पैसे नाहीत, पण दार लावलेलं नाही. वरून निधी आणायचा असेल तर हे पण कामाचं असतं.

कारण खरं सांगायचं तर आमच्यासारख्या पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून नवे रस्ते फार होत नाहीत. पगार, पाणीपुरवठ्याचं वीजबिल, कचऱ्याच्या गाड्या, दिवाबत्ती यातच सगळं संपतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं, १ जून १९९३ पासून ती लागू आहे, बाराव्या अनुसूचीत १८ विषय शहरांकडं दिले, रस्ते पाणी सगळं आलं त्यात, पैसा मात्र बराचसा अजून वरूनच यायलाय. म्हणून कुठला पैसा कुठल्या कामाला चालतो ते माहीत पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ चा निधी ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी अन् स्वच्छतेलाच वापरायचा, उरलेला ४० टक्के अबंधित. त्यामुळं बंधित निधीतून रस्ता मागितला की सरळ नाही ऐकावं लागायचं, पाण्याचं काम मागितलं की तोच साहेब बसा म्हणायचा. नगरोत्थान या शहरांसाठीच्या राज्याच्या योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो, तिथं पालकमंत्री अध्यक्ष आणि कलेक्टर साहेब सचिव, आणि त्यात पालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, तेव्हा त्या हिश्श्याची तरतूद बजेटमधे आहे का तेही विचारा, तिथंच गाडी अडते.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधी पण वर्षाला ५ कोटी. पण खासदारांच्या मतदारसंघात साधारण सहा विधानसभा असतात, म्हणजे एका गल्लीसाठी कुणाकडं जायचं हे गणित सोपंय. आमदारांचं पत्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही, ते पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, तिथून पालिकेकडं अंदाजपत्रक अन् ना हरकत मागतात. ती दोन कागदं तुमच्याकडं आधीच तयार असतील तर पत्र आठवड्यात पुढं सरकतं, नसतील तर पत्राला फ्रेम करून ठेवा.

कॅलेंडर आम्ही असं धरलंय. पावसाळ्यात फोटो काढायचे, पाणी साचलेलं असताना, तारीख दिसेल असे, कारण नोव्हेंबरात तीच गल्ली कोरडी ठणठणीत असते आणि साहेब म्हणतात इथं काय प्रॉब्लेम आहे. दसऱ्यापर्यंत मोजमाप, नकाशा, ताब्याचे कागद. दिवाळी झाली की अर्ज बांधकाम विभागाला, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक प्रत लेखा विभागाला, महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावानं. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, तो नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. नगरसेवक असेल तर त्याच्याकडून सभेत विषय ठेवून घ्या आणि ठराव क्रमांक लिहून घ्या. मधली कित्येक वर्षं निवडणुकाच नव्हत्या, छत्रपती संभाजीनगरला तर एप्रिल २०२० पासून प्रशासक होते, अशा वेळी सगळं एकाच टेबलावर ठरतं, भेटायला सोपं पण विचारायला कुणी नाही. डिसेंबर-जानेवारीत अंदाजपत्रक तयार होतंय का ते बघायला दर पंधरा दिवसाला एक चक्कर, एकटा-दुकटा नाही, दोघं, आणि शक्यतो तीच दोघं म्हणजे ओळख राहते. काही हललंच नाही तर कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

बजेटमधे नाव आलं, पुढं काय? तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत पेढे नाहीत, हा आमच्या ग्रुपचा नियमच आहे आता. यात वर्ष गेलं तर दरसूची (सरकारी दरांची यादी) बदलते, अंदाजपत्रक वाढतं, आणि वाढलेल्याला परत मान्यता. मोठ्या कामांचं पण तेच होतं, संभाजीनगरची जायकवाडीवरून येणारी नवी पाणीयोजना १,६८० कोटींची होती ती २,७४० कोटींवर गेली, तिथं आपली गल्ली कोण लागून गेली.

कार्यारंभ आदेशाची नक्कल घ्या, त्यात तीन गोष्टी बघा: किती दिवसात काम संपवायचं, गुत्तेदारानं किती टक्के कमी दरानं घेतलंय, आणि दोष दायित्व कालावधी किती, म्हणजे काम बिघडलं तर गुत्तेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत. दर फारच खाली असेल तर समजून जा की मुरुमाच्या खेपा मोजायला माणूस बसवावा लागणार. आम्ही एका आजोबांना खुर्ची दिली, वही दिली, ते तसंही दिवसभर ओट्यावरच असतात. त्यांनी खेपा लिहिल्या, पोती लिहिली, आणि गुत्तेदाराच्या पोराला रोज चहा पण पाजला. ओल्या काँक्रीटमधे सळई खुपसून जाडी बघायची, कडेला नाही, मधोमध, कारण कडेला फळी असते तिथं सगळे बरोबर भरतात.

आता सगळ्यात मोठी मेख, जी कुणी सांगत नाही. निधी मार्चएंडला पडतो, मग काम एप्रिल-मेमधे होतं. मे महिन्यात आमच्याकडं ४२-४३ डिग्री, बोअर आटलेले, टँकरची वाट बघत बायका घागरी लावून बसलेल्या (२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला मुलूख हा), आणि त्याच वेळी काँक्रीटला दोन आठवडे पाणी पाहिजे. गुत्तेदार एकदा टँकर फिरवतो, तासात वाळतं, रस्त्यावर पिठासारखा पांढरा भुगा सुटतो. आम्ही तीन गोष्टी केल्या. ओतायचं काम दुपारनंतर चारला सुरू करायला लावलं. वरती मातीचे छोटे बांध घालून वाफे केले, भाजीच्या वाफ्यासारखे, म्हणजे पाणी टिकतं. आणि ओली पोती अंथरली. पाणी कुणाचं यावरून वाद झाला, शेवटी गुत्तेदारानं अर्धे टँकर दिले, अर्धे आम्ही घरटी ५० रुपये काढून आणले. गुत्तेदाराचं काम आपण कशाला करायचं म्हणणारे पण होते, त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण तो रस्ता त्याच्या घरासमोर नाही.

काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेची, एमबीची नक्कल माहिती अधिकारात काढा आणि आजोबांच्या वहीशी लावून बघा. फरक निघाला तर बिल निघायच्या आत लेखी कळवा, बिल गेल्यावर सगळे बदली झालेले असतात. आणि दोष दायित्वाची शेवटची तारीख मोबाईलमधे रिमाइंडर लावून ठेवा, ती संपायच्या आधीच्या पावसाळ्यात सगळा रस्ता चालत बघायचा, भेगा, खड्डे, पाणी कुठं थांबतं ते, फोटोसकट यादी द्यायची, गुत्तेदाराची अनामत तोवर पालिकेकडंच असते.

आमचा १५० मीटर झालाय. उरलेल्या ५० मीटरचा अर्ज यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिला, पहिली सही नाराज घरवाल्यांचीच घेतली, आवक क्रमांकाचा फोटो ग्रुपवर आहे, कुणाला नमुना अर्ज पाहिजे असेल तर मागा, टाकतो.